लेप लावला की गाणं

"घोंगडं टाका! नवरीवर घोंगडं टाका आधी!"

ओरडलं कोण, ते मला आजही सांगता यायचं नाही. मांडवात असा काही गोंधळ माजला होता की कोण कुणाच्या अंगावरून पळतंय याचा पत्ता नव्हता. पाटावर बसलेली वैजयंता तेला-हळदीनं नखशिखांत माखलेली, कपाळाला मुंडावळ्या. असल्या निसरड्या पायांनी ती पळणार तरी कुठं? मी ओसरीवरचं घोंगडं ओढलं, तिच्यावर टाकलं आणि मीही आत शिरले. आत अंधार, हळदीचा वास, आणि बाहेर मधमाश्यांचा नुसता घूंऽऽ असा आवाज.

"काकी, मला चावल्या," वैजू म्हणाली.

"कुठं?"

"मानेवर. पाठीवर पण. आई गंऽ!"

"मला पण चावल्यात. हलू नको. तोंड माझ्या पदरात घाल."

वैजू म्हणजे माझ्या थोरल्या जावेची लेक. मी त्या घरात सून म्हणून आले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. नात्यानं मी तिची चुलती, पण आमच्या वयात असं अंतर ते काय? तिनं मला घरातल्या माणसांचे स्वभाव शिकवले आणि मी तिला साडीला फॉल लावायला शिकवलं. त्या घरात माझ्याशी आपणहून बोलणारं ते एकच माणूस होतं, आणि तेही त्या दिवशी लग्न होऊन निघालं होतं. सकाळी हळद, संध्याकाळी गोरज मुहूर्तावर अक्षता.

माश्या काही आपणहून आल्या नव्हत्या हो. आम्हीच त्यांना वाजतगाजत घरी आणलं होतं. माझ्या सासरचं देवक कळंबाचं. लग्नाआधी कळंबाची डहाळी तोडून आणायची, मांडवात बसवायची, तिची पूजा करायची, मगच लग्न लागायचं. आणि डहाळी कुठल्याही कळंबाची चालत नाही, ओढ्याकाठच्या त्याच एका झाडाची लागते. त्या वर्षी त्या झाडाला सुपाएवढं आग्या मोहोळ लागलं होतं. गुराख्यांनी येऊन सांगितलं, माझ्या नवऱ्यानं सांगितलं, पण वैजूचे वडील, आमचे थोरले भाऊजी, ऐकतील तर शपथ! "आपल्याच कुळाचं झाड. ते आपल्याला कशाला त्रास देईल?" म्हणून त्यांनी कुऱ्हाड घातली. वर सनई, हलगी आणि मूठभर उदबत्त्यांचा धूर. मग व्हायचं ते झालं. पुढं देवक, मागं माणसं आणि त्यांच्या मागं अख्खं मोहोळ, अशी ती मिरवणूक मांडवात शिरली.

कुणीतरी ओल्या गवताची धुनी पेटवली तेव्हा माश्या हटल्या. घोंगडं बाजूला करून बघते तर मांडवाची दशा बघवत नव्हती. हळदीचं ताट पालथं पडलेलं. सनई तुळशीपाशी आणि सनईवाला गोठ्यात म्हशीच्या आडोशाला. भाऊजींचा एक डोळा बंद झालेला, ओठ भज्यासारखा फुगलेला, पण डहाळी काही हातातून सोडली नव्हती पठ्ठ्यानं.

मग सुरू झाले उपचार. लग्नघरात बायकांना तोटा नाही आणि बायकांकडे औषधांना तोटा नाही. एकीनं कांदा फोडला, दुसरीनं चंचीतला चुना काढला. कुणी दाराची किल्ली घेऊन "लोखंड घासा, लोखंड!" करत फिरत होतं. कुणी परसातल्या झेंडूचा पाला चुरगाळून आणला, कुणी चिंचेचा कोळ. पुण्याच्या एका पाहुणीनं पर्समधून टूथपेस्ट काढली, तर पोरं चावलेलं नसतानाही तिच्यापुढं गाल करून उभी. एका म्हाताऱ्यानं रॉकेल चोळून घेतलं आणि लगेच बिडी काढली. त्याला चौघांनी धरला म्हणून बरं, नाहीतर माश्या परवडल्या असत्या.

वैजूला कांदा लावायला मी उठले तर तिच्या मामीनं माझा हात धरला.

"अगं, तिला काय लावतेस? हळदीनं माखलीय की पोरगी! हळदीसारखं दुसरं औषध आहे का जगात?"

सगळ्या बायकांना ते पटलं. देवानंच नवरीची सोय केली म्हणाल्या. मानेवरचा काटा तेवढा नखानं काढला, पाठीवरचे काढले, पालथ्या ताटातली हळद गोळा करून त्यावर आणखी थापली आणि तिला पुन्हा पाटावर बसवलं. एवढी औषधं झाली त्या दिवशी, पण नवरीच्या वाट्याला काय आलं, तर हळदीवर हळद.

आणि खरं औषध तर ओसरीच्या कोपऱ्यात चाललं होतं. तिथं आमच्या सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, गाव त्यांना अनशाआजी म्हणायचं. उंच, हाडाच्या बाई. बोलणं तोडून टाकल्यासारखं. माझ्या भाकरीला वर्षभरात त्यांनी एकदाही बरं म्हटलं नव्हतं, आणि मी त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. पण गावात कुणाला गांधीलमाशी चावो, मधमाशी चावो, तो पहिला धावत आमच्या ओसरीवर यायचा. त्या विळ्याच्या पाठीनं काटा खरवडून काढायच्या, सहाणेवर काव, ती तांबडी माती, उगाळायच्या, त्यात चुना आणि टाकळ्याच्या पाल्याचा रस कालवायच्या आणि तो लेप लावायच्या. पैसा घ्यायच्या नाहीत. पण एक अट असायची. लेप लावला की समोर बसायचं आणि गाणं म्हणायचं. एक झालं की दुसरं, चांगलं घटकाभर. गाण्यानं विष उतरतं, असं त्यांचं म्हणणं.

गावात याची केवढी थट्टा! ओव्या येणाऱ्या बायकांचं ठीक होतं, पण मिशा असलेले बाप्ये त्यांच्यापुढं बसून भसाड्या आवाजात आरत्या म्हणायचे. एकदा शाळेच्या गुरुजींनी पाढे म्हणून सुटका करून घेतली होती. आत्याबाईंना तेही चालायचं. फक्त गप बसलेलं चालायचं नाही. गप बसलं की खेकसायच्या, "का थांबलास रं? म्हण!"

त्या दिवशी तर त्यांच्यापुढं रांगच होती. सनईवाला म्हणत होता, "आजी, मी वाजवून दाखवतो की."

"न्हाई. तोंडानं म्हण."

"सूर लागायचा नाही."

"सूर कुणी मागितला तुला?"

सगळी हसली. मीही हसले. तेवढ्यात वैजूनं माझा पदर ओढला.

"काकी, तळहात खाजतायत."

"हळदीनं खाजत असतील."

"पायाचे तळवे पण. आणि कानांत कसंतरीच गरम होतंय."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तोंड कसलं, नुसती हळद. तिच्याआड काय होतं, ते दिसायला जागाच नव्हती. फक्त डोळे दिसत होते आणि ते भ्यालेले होते. ती एकसारखी तळहात पाटाच्या कडेला घासत होती.

"पोटात पण कळ येतीय, काकी. मला इथं बसवत नाही."

मी उठून तिच्या आईकडं गेले. आमच्या आक्का तेव्हा चुलवणापाशी होत्या.

"आक्का, वैजूला बरं वाटत नाहीये. जरा येऊन बघता का?"

आक्कांनी आधी मागं वळून बघितलं आणि मग माझा दंड धरून मला कोपऱ्यात ओढलं. "हळू बोल की! केराबाई तिथं बसल्यात."

केराबाई म्हणजे नवऱ्यामुलाची मावशी. मुलाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन सकाळीच आल्या होत्या आणि मांडवाच्या खांबाला टेकून, कुणाशी न बोलता सगळं बघत बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावरच्या आठीला आमचं अख्खं घर भीत होतं.

"पोरीला झटका येतो, दुखणेकरी आहे, असं त्यांच्या मनात आलं तर?" आक्का कुजबुजल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सकाळपासून उपाशी आहे ती. म्हणून होत असंल. साखर-पाणी दे तिला."

साखर-पाणी घेऊन मी परत आले, तर वैजू पाटावरच पुढं वाकली होती. पाण्याचा घोट तिनं घेतला आणि तसाच बाहेर काढला.

"गिळवत नाही," ती म्हणाली.

तेव्हा मात्र माझं डोकं चालेनासं झालं. मी शेजारची कळशी उचलली आणि तिच्या हातावर ओतली. दंडापासून मनगटापर्यंत खसाखसा हळद चोळून काढली. आणि खाली बघते तर काय! हातावर बोटभर चांगली जागा उरली नव्हती. लालभडक गांधी उठलेल्या, एकीला एक लागलेल्या, फुगलेल्या. आणि या हाताला तर माशी चावलीच नव्हती.

"अगं ए बये!" मामी किंचाळली. "हळद धुतेस? लग्नाआधी नवरीची हळद धुतेस?"

साऱ्या बायका उभ्या राहिल्या. कुणी म्हणालं अपशकुन, कुणी म्हणालं माहेरी हेच शिकवलं का. आक्का धावत आल्या आणि त्यांनी माझ्या हातातली कळशी हिसकावून घेतली. मी म्हणत होते, "हात बघा, तिचा हात बघा," पण माझं ऐकतंय कोण? तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि लेपाची वाटी हातात घेऊन आत्याबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

आता थोबाडीत बसणार, असंच मला वाटलं. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. वैजूचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"वैजे," त्या म्हणाल्या, "गाणं म्हण."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! पोरगी वाकडीतिकडी होतेय आणि ह्यांना गाणी सुचतायत. वर्षभर जे तोंड उघडलं नव्हतं ते उघडलं. "आत्याबाई, गाणं कसलं! पोरीला बघा तरी जरा! काहीतरी होतंय तिला!"

"तू गप. वैजे, म्हण. कंचंबी म्हण."

वैजूनं तोंड उघडलं. अहो, त्या पोरीचा आवाज कसा होता सांगू? घरात ती गुणगुणायला लागली की मी हातातलं काम थांबवून ऐकायची. त्या दिवशी तिच्या तोंडून जे आलं ते गाणं नव्हतं, शब्दही नव्हते. घशात बोळा कोंबलेल्या माणसाचा असावा तसला घोगरा आवाज.

"आजी... अडकतंय इथं काहीतरी," तिनं गळ्याला हात लावला.

आत्याबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. लेप माझ्या पायांवर उडाला.

"दिलावरला म्हणावं जीप काढ. आत्ताच्या आत्ता!"

दिलावर मुलाणी आमच्या शेजारचाच, वऱ्हाडासाठी त्याची जीप दारातच उभी होती. पण दाराच्या तोंडाशी भाऊजी आडवे आले. फुगलेल्या ओठानं त्यांना धड बोलता येत नव्हतं.

"आई, काय करतेस? हळद लागलीय तिला. वेस ओलांडून जायचं नाही तिनं. देवक बसायचंय अजून. डॉक्टरला इथं घेऊन येतो मी."

"तो यायचा कवा न् बघायचा कवा? तवर न्हाई टिकत ती."

"दुपारनं वऱ्हाड येतंय, आई! त्यांना काय सांगू?"

"वऱ्हाड कुणासाठी येतंय रं? पाटासाठी येतंय का पोरीसाठी?"

"पण आजवर घरात असं कधी..."

"माझ्या डोक्यावर पाप. हो बाजूला!"

आणि त्यांनी खरंच पोटच्या लेकाला छातीवर हात देऊन ढकललं. मी वैजूला काखेत धरून जीपमध्ये घातलं. तिचे पाय घसरत होते, हळदीची पावलं पायरीपर्यंत उठली. खांबापाशी केराबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही आणि आम्हाला सांगायला सवड नव्हती.

दवाखाना घाट उतरून खालच्या गावाला. वैजूला मांडीवर निजवावं म्हणून मी सरकले, तर आत्याबाई ओरडल्या, "निजवू नको! बसती ठेव तिला!" त्या एका बाजूला, मी एका बाजूला आणि मधे वैजू. गाडी वेशीवरून धडधडत गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली.

"वैजे, तुझ्या नवऱ्याचं नाव काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"आजी..."

"लाजू नको. नाव सांग."

"संपत."

"गाव?"

"कुसरूंड."

"सासूचं नाव?"

"वे... वेणू."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पोरीला श्वास घेता येईना आणि ही नाव-गाव विचारतेय! पण त्यांचं तोंड बघून बोलायचा धीर झाला नाही. त्या उत्तरं ऐकतच नव्हत्या. त्या वैजूच्या तोंडाजवळ कान नेऊन काहीतरी दुसरंच ऐकत होत्या, आणि दर उत्तराला त्यांचं तोंड आणखी पांढरं पडत होतं.

दुसऱ्या वळणावर वैजूला उलटी झाली. त्यानंतर ती शब्दानं बोलेनाशी झाली, नुसती मान हलवायची. पुढं मेंढरांचा कळप आडवा आला. दिलावरनं हॉर्नवर हात दाबून धरला, खिडकीतून डोकं काढून धनगराला हात जोडले, तरी मेंढरं आपली संथ चाललेली. वैजूच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठांवरची हळद उलटीनं पुसली होती, खाली ओठ जांभळे पडलेले दिसले.

"वैजे, बोल. वैजे! एऽ पोरी, गप बसू नको!" आत्याबाई तिला गदागदा हलवत होत्या.

वैजूनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि तिची मान माझ्या खांद्यावर पडली. माझे सगळ्या देवांना नवस बोलून झाले. माहेरचे झाले, सासरचे झाले.

"दिलावर, कुठनंबी काढ पण पळीव गाडी!" आत्याबाई किंचाळल्या. दिलावरनं गाडी रस्त्याखाली घातली, शेताच्या बांधावरून उडवली आणि कळपाच्या पुढं काढली.

दवाखान्यात डॉक्टर जेवायला उठतच होते. पिवळीधमक नवरी उचलून आणलेली बघून ते क्षणभर थबकले. "काय झालं?"

"मधमाश्या चावल्या," मी म्हणाले. "हळद धुतली तर गांधी दिसल्या. घसा बंद झालाय."

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. नर्सनं टेबलावरचं सगळं खाली सारलं, डॉक्टरांनी लुगडं वर सारून तिच्या मांडीतच सुई खुपसली. कुणीतरी आम्हा दोघींना बाहेर ढकललं आणि दार लावून घेतलं.

व्हरांड्यात बाकडं होतं, पण आत्याबाई उभ्याच. दाराकडं तोंड करून. आतून भांड्यांचा आवाज येत होता, डॉक्टर भराभर काहीतरी मागत होते. वैजूचा मात्र आवाज नव्हता. मला गप बसवेना. रडायला यायला लागलं की मी बडबडते, आजही बडबडते, सुना हसतात मला.

"आत्याबाई, तुमचा लेप तिला लावायला हवा होता आधी. ह्या बायकांनी नुसती हळद थापली. तुमचा लेप लावला असता तर..."

"लेपानं काय हुतंय?" त्या दारावरची नजर न काढता म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ठणका जरा कमी हुतो. बाकी कायबी न्हाई. मला ठावं हाय."

"मग एवढी वर्षं अख्ख्या गावाला लावताय ते?"

"लेप लावला की माणूस बसतं. नुसतं बस म्हटलं तर बसंल का कुणी? कामाची माणसं. चावलं की चोळतील आन् जातील रानात. आन् गाणं म्हटलं की गळा कळतो. शंभरातल्या एखाद्याचाच बसतो. पण कुणाचा बसंल, ते आधी कसं कळावं?"

आम्ही सगळ्यांनी किती थट्टा केली होती त्या गाण्यांची!

"सुगंधीला मी गप पड म्हणाले हुते," त्या म्हणाल्या.

"कोण सुगंधी?"

"माझी लेक."

अहो, वर्ष होत आलं होतं मला त्या घरात. त्या घरात कुठली म्हैस कुठल्या साली मेली, हे मला तोंडपाठ झालं होतं. चार पिढ्यांचे पितर मी नावानिशी जेवू घातले होते. पण माझ्या नवऱ्याला बहीण होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानंही नाही.

"करवंदं आणायला गेली हुती," आत्याबाई बोलत होत्या, माझ्याशी की त्या दाराशी कुणास ठाऊक. "माश्या चावल्या म्हणून रडत आली. घरात पाव्हणं. मी चुना लावला, काव लावली. म्हटलं, रडू नको, गप पड. निजलीस की बरं वाटंल. लई गुणाची पोर. गप पडली. मी तिथंच भाकरी थापत हुते, हात लांब केला तर लागंल एवढ्यावर. मला वाटलं, निजली."

आत काहीतरी खणकन पडलं. आम्ही दोघी दचकलो.

"आवाजच दिला न्हाई गं तिनं. एकदाबी न्हाई."

"आत्याबाई..."

"तुझं मामंजी म्हणाले, घरात आता हे नाव काढायचं न्हाई. म्या न्हाई काढलं. रडले पण न्हाई. म्हटलं, रडायला तोंड हाय का मला?"

मी त्यांचा हात धरला. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना हात लावला असेन. हात थंडगार होता.

दार उघडलं. डॉक्टरांच्या सदऱ्याला सगळीकडे हळद लागली होती.

"पोरगी ठीक आहे," ते म्हणाले. "श्वास मोकळा झालाय. दोन दिवस ठेवून घेऊ. आणखी जरासा उशीर केला असता, तर माझ्या हातात काही नव्हतं."

आत्याबाई त्यांना ओलांडून आत गेल्या. मी मागून गेले. वैजू उशीला टेकून बसली होती. तोंड सुजलेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी, पण छाती खालीवर होत होती. आम्हाला बघून ती हळूच म्हणाली, "आजी, तहान लागलीय."

घोगरा होता, बारीक होता, पण आवाज होता. आत्याबाईंनी मान डोलावली. नर्सला म्हणाल्या, पाणी दे. मग बाहेर आल्या, व्हरांड्यात भिंतीला धरून खाली बसल्या, आणि त्यांनी असा टाहो फोडला की दवाखान्यातलं सगळं माणूस गोळा झालं.

"सुगंधेऽऽ! माझे बाईऽऽ!"

कपाळावर हात मारून घेत होत्या, जमिनीवर मारत होत्या. कंपाउंडर धावत आला, शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून आली. सगळ्यांना वाटलं, नवरी गेली. नेमकी त्याच वेळी फाटकाशी दुसरी गाडी थांबली. आक्का, भाऊजी आणि मागून केराबाई उतरल्या. तो आक्रोश कानावर पडताच आक्का फाटकातच खाली बसल्या. मी चपला टाकून पळत सुटले.

"आक्का, वैजू बरी आहे! बरी आहे हो! जा, आत जाऊन बघा, बोलतीय ती!"

त्यांना पटेना. मी ओढून उठवलं तेव्हा त्या धडपडत आत गेल्या. भाऊजी त्यांच्या मागं निघाले, पण व्हरांड्यात त्यांच्या कानावर नाव पडलं आणि ते जागीच थांबले. आईकडं बघत राहिले. मग तो एवढा मोठा बाप्या भिंतीकडं तोंड करून हुंदके द्यायला लागला.

केराबाई माझ्याजवळ आल्या. कपाळावरची आठी तशीच होती.

"पोरगी बरी आहे ना नक्की?"

"बरी आहे."

"मग ह्या कुणासाठी रडतायत? कोण गेलं?"

लग्नाचा दिवस, समोर नवऱ्याकडचं माणूस, आणि ज्या घरानं ते नाव पुरून टाकलं त्या घराची मी धाकटी सून. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण आत्याबाईंचा तो आवाज ऐकत मला ते जमेना.

"माझी नणंद," मी म्हणाले. "सुगंधी."

कधी, कशी, केराबाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी चपला काढून कडेला ठेवल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि सुतकाच्या घरी बसायला जातात तशा जाऊन आत्याबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या.